दिलेली अक्षरे असलेले इंग्रजी शब्द शोधताना: आधी प्रश्न नेमका करा, मग यादी निवडा

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. लिनक्सवरील शब्दयादीतून ए, ई, आय, ओ आणि यू हे पाचही स्वर असलेले इंग्रजी शब्द आपल्याला हवे आहेत. त्यासाठी आपण ग्रेप या, नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणाऱ्या कमांडमध्ये चौकटी कंसात ही पाच अक्षरे लिहिलीत आणि जवळजवळ सगळी यादीच पडद्यावर आली. दुसरे असे की, शाळेतील मुलांना सात अक्षरे देऊन त्यांतून शब्द बनवायला सांगणारा खेळ आपण तयार करत आहात आणि त्याची उत्तरसूची संगणकाकडून काढून घ्यायची आहे. दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात, परंतु ती एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. पहिल्या कामात दिलेली अक्षरे शब्दात सामावलेली असली पाहिजेत, त्यांशिवाय शब्दात आणखी काहीही असो. दुसऱ्या कामात शब्द दिलेल्या अक्षरांत सामावला पाहिजे, मग काही अक्षरे वापरायची राहिली तरी चालतील. ‘ही अक्षरे असलेले शब्द’ हे वाक्य दोन्हींना लागू पडते, आणि या विषयातील बहुतेक घोटाळा तिथेच सुरू होतो.

पुढील मजकुरात इंग्रजी अक्षरांची नावे आणि शब्द देवनागरीत लिहिले आहेत. वाचताना उच्चार बाजूला ठेवून स्पेलिंग डोळ्यांसमोर आणावे, कारण संगणक स्पेलिंगच मोजतो. न्यूमोनियाच्या उच्चारात पी कुठेही नाही, परंतु त्याचे स्पेलिंग पी या अक्षरानेच सुरू होते, आणि त्यात पाचही स्वर आहेत.

आता पहिला भाग. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे शोधायचा नमुना चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धतीत, चौकटी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतेही एक अक्षर’ असा होतो. ‘ही सर्व अक्षरे’ असा अर्थ त्यातून कधीच निघत नाही. इंग्रजीतील बहुतेक प्रत्येक शब्दात किमान एक स्वर असतोच, त्यामुळे आपली अट जवळपास सर्वांनी पूर्ण केली. गळाले ते स्काय, मिथ, रिदम यांसारखे शब्द, ज्यांत स्वराचे काम वाय हे अक्षर करते. ‘सर्व अक्षरे’ अशी अट एकाच कंसात बसत नाही, ती पाच स्वतंत्र अटींची साखळी असते. म्हणून सर्वांत सरळ उपाय असा की ग्रेप पाच वेळा लिहावे, प्रत्येकात एकच अक्षर द्यावे आणि पाइपच्या उभ्या रेघेने एकाचे उत्तर दुसऱ्याकडे सोपवावे. साखळीत सर्वांत दुर्मिळ अक्षर आधी ठेवले तर पुढच्या टप्प्यांकडे कमी शब्द जातात. स्वरांपुरते बोलायचे तर यू आधी आणि ई शेवटी. पाच स्वरांच्या बाबतीत वेळेचा फरक जाणवणारही नाही, परंतु क्यू, जे, एक्स किंवा झेड यांपैकी एखादे अक्षर मागणीत असेल तर त्याने सुरुवात करण्याची सवय चांगली, कारण पहिल्याच टप्प्यात यादी डोळ्यांनी वाचता येईल इतकी लहान होऊ शकते.

हेच काम एका ओळीत करायचे असेल तर पर्ल पद्धतीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लुकअहेड वापरता येतो. शब्दाच्या सुरुवातीला उभे राहून ‘पुढे कुठेतरी ए आहे का’, मग पुन्हा सुरुवातीपासूनच ‘पुढे कुठेतरी ई आहे का’ असे पाच वेळा विचारले जाते आणि पाचही उत्तरे होकारार्थी आली तर शब्द स्वीकारला जातो. एकच अक्षर दोनदा हवे असेल, उदाहरणार्थ दोन एस आणि एक पी, तर एसच्या अटीत ‘एस, मध्ये काहीही, पुन्हा एस’ असे लिहावे. मग पझेससारखे शब्द येतात आणि एकच एस असलेले गळतात. ग्रेपच्या साखळीत हाच परिणाम मिळवण्यासाठी एस दोन वेगवेगळ्या टप्प्यांत लिहून उपयोग होत नाही, कारण दोन्ही टप्पे त्याच एका एसवर समाधानी होतात. ही चूक मी अनेकांच्या स्क्रिप्टमध्ये पाहिली आहे.

योग्य अट दिल्यावर काय मिळते, हे पाहण्यासारखे आहे. एज्युकेशन, इक्वेशन, डायलॉग (शेवटी यू आणि ई असलेले स्पेलिंग), कॉलिफ्लॉवर, हाउसमेड हे शब्द सहज येतात आणि या पाचांत प्रत्येक स्वर नेमका एकदाच असतो. सिक्वॉया हे कॅलिफोर्नियातील महावृक्षाचे नाव अवघ्या सात अक्षरांत पाचही स्वर बसवते. येथपर्यंत क्रमाचा प्रश्न नाही. स्वर वर्णमालेतल्याच क्रमाने हवे असतील तर अट बदलते: ए, मग काहीही, मग ई, मग काहीही, याप्रमाणे यूपर्यंत. या अटीत फसीशस आणि ॲबस्टीमियस हे प्रसिद्ध शब्द येतात, परंतु त्यांच्यासोबत सॅक्रिलिजस हाही येतो, ज्यात ए आणि ई यांच्यामध्ये एक आय आधीच येऊन गेलेला आहे. शब्दातून ए, ई, आय, ओ, यू हा क्रम वेचून काढता येतो, एवढेच त्या अटीने तपासले. मधल्या जागी दुसरा स्वर नसावा असे आपण म्हटलेच नव्हते. तसे म्हणायचे असेल तर ‘मध्ये काहीही’ यासाठी असलेल्या टिंब आणि ताऱ्याऐवजी ‘स्वर सोडून काहीही’ असा कंस लिहावा लागतो, म्हणजे कंसाच्या आत सुरुवातीला कॅरेट चिन्ह आणि त्यानंतर पाच स्वर. शब्दाच्या पहिल्या स्वरापूर्वी आणि शेवटच्या स्वरानंतरही हीच अट लावावी. क्रम उलटा केला, यू पासून ए पर्यंत, तर आपल्या भागाशी जोडलेला सबकॉन्टिनेंटल हा शब्द हाती लागतो. मुलांना हा शब्द दाखवून त्यातील स्वर शोधायला सांगावे; त्यांना ते आवडते.

अटीनंतर यादीकडे यावे लागते, आणि येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण उत्तर चुकते तेव्हा दोष बहुधा कमांडचा नसतो, तो यादीचा असतो. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर शब्दयादी साधारण एकाच ठिकाणी, एकाच नावाने सापडते, परंतु ती यादी एकच नसते. मॅकवरील यादी १९३४ मध्ये निघालेल्या वेबस्टरच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीवर आधारलेली आहे. तिच्यात सुमारे २,३५,००० शब्द आहेत, परंतु बहुतेक अनेकवचने आणि क्रियापदांची साधित रूपे नाहीत, नंतरच्या काळातील शब्द नाहीत, आणि ज्यांचे नावही कोणी ऐकलेले नाही अशा वनस्पतींची व किड्यांची रेलचेल आहे. उबुंटूवर बसवली जाणारी नेहमीची यादी सुमारे १ लाख नोंदींची असते. तिच्यात रोजच्या वापरातील रूपे आहेत, परंतु विशेषनामे आहेत आणि ॲपॉस्ट्रॉफी एस लावलेली षष्ठीची रूपेही हजारोंनी आहेत. त्यामुळे एकच कमांड दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरे देते आणि दोन्ही आपापल्या यादीपुरती बरोबर असतात.

स्पेलिंगचा संप्रदाय हा त्यातला नाजूक मुद्दा. बिहेवियर आणि फेव्हरिट हे शब्द ब्रिटिश पद्धतीने लिहिले तर त्यांत पाचही स्वर येतात. अमेरिकन पद्धतीने यू गळतो आणि दोन्ही शब्द आपल्या यादीतून नाहीसे होतात. महाराष्ट्रातील शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवले जाते, परंतु उबुंटूवर सहसा अमेरिकन यादी बसलेली असते. एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तकात पाहून लिहिलेला फेव्हरिट संगणकाने चूक ठरवला तर त्या खेळावरील मुलांचा विश्वास उडेल. डेबियन आणि उबुंटूसाठी ब्रिटिश यादीचे वेगळे पॅकेज मिळते. शाळेच्या कामासाठी तेच घ्यावे, किंवा दोन्ही याद्या एकत्र करून पुनरुक्ती काढून टाकावी.

खेळासाठी अनेक जण एनेबल ही यादी घेतात. ती सार्वजनिक मालकीची आहे, सुमारे १,७२,००० शब्दांची आहे, सर्व शब्द लहान लिपीत आहेत, त्यांत विशेषनामे नाहीत, ॲपॉस्ट्रॉफी नाही, आणि अनेकवचने व क्रियापदांची रूपे पूर्ण आहेत. मी स्वतः सुरुवात नेहमी तिच्यापासून करतो. सोंगट्यांवरील अक्षरांतून पटावर शब्द मांडण्याच्या स्क्रॅबल या खेळाच्या, ब्रिटिश पद्धतीच्या स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची यादी याहून मोठी, २,७०,००० शब्दांच्या पुढची आहे, परंतु तिच्यावर प्रकाशकाचा हक्क आहे. ती उचलून आपल्या ॲपमध्ये घालता येत नाही.

यादी कोणतीही असो, ती वापरण्यापूर्वी एकदा स्वच्छ करून वेगळ्या फाईलमध्ये ठेवावी. मोठी अक्षरे लहान करावीत, किंवा विशेषनामे नको असतील तर मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी त्याआधीच काढाव्यात. हा क्रम उलटला तर विशेषनामे ओळखण्याची खूणच नष्ट होते. ॲपॉस्ट्रॉफी, हायफन आणि अंक असलेल्या ओळी काढाव्यात. कॅफे किंवा नाईव्ह यांसारख्या शब्दांतील खुणा असलेल्या अक्षरांचे काय करायचे, साधे अक्षर करायचे की शब्दच वगळायचा, ते आधी ठरवावे. फाईल विंडोजवरून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचे असते. त्यामुळे ‘ओळीच्या शेवटी अमुक अक्षर’ अशी प्रत्येक अट निष्फळ ठरते आणि शब्दांची लांबीही एकाने जास्त मोजली जाते. शिवाय काही लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे संगणकाची भाषा आणि अक्षरक्रम ठरवणारी मांडणी) कंसातील ‘ए ते झेड’ या पल्ल्यात मोठी अक्षरेही येतात. कमांडपूर्वी लोकेल सी करून घेतला की तो संशय उरत नाही आणि ग्रेपचा वेगही बहुधा वाढतो.

दुसऱ्या भागात, म्हणजे सात अक्षरांच्या खेळात, प्रथम एक निर्णय आपल्यालाच घ्यावा लागेल: एक अक्षर शब्दात पुन्हा वापरता येईल का? स्क्रॅबलमध्ये सोंगट्या हातात असतात, म्हणून जितकी अक्षरे मिळाली तितकीच वापरता येतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या खेळात, जो २०१८ पासून ऑनलाइन खेळला जातो, सात अक्षरांपैकी कोणतेही कितीही वेळा वापरता येते. मात्र मधले अक्षर प्रत्येक शब्दात आले पाहिजे आणि शब्द किमान चार अक्षरांचा पाहिजे. ऐकायला फरक लहान वाटतो, परंतु उत्तरसूची पार बदलते. एस, टी, ए, आर, ई ही पाच अक्षरे दिली तर ट्री हा शब्द पुन्हा वापराची मुभा असताना अक्षरांच्या दृष्टीने चालतो आणि ती नसताना चालत नाही, कारण त्याला ई दोनदा लागते.

पुन्हा वापराची मुभा असेल तर ग्रेप पुरेसे आहे: ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त याच सात अक्षरांपैकी अक्षरे असावीत, अशी एक अट आणि मधले अक्षर असावे अशी दुसरी. येथे चौकटी कंस आपले काम चोख करतो. तो पहिल्या भागात चुकीच्या प्रश्नाला लावला होता, इतकेच. मुभा नसेल आणि सातही अक्षरे वेगवेगळी असतील तर आणखी एक टप्पा जोडून, ज्यात कोणतेही अक्षर दुसऱ्यांदा येते असे सर्व शब्द बॅकरेफरन्सच्या, म्हणजे आधी जुळलेले अक्षर पुन्हा ओळखणाऱ्या खुणेच्या साहाय्याने वगळावेत. परंतु दिलेल्या अक्षरांतच एखादे दोनदा आले, जसे लेटर्स या शब्दातील ई आणि टी, तर ही युक्ती मोडते: सेटल हा शब्द त्या अक्षरांतून खरोखर बनतो, तरी वगळला जातो. तिथपासून पुढे मोजणीला पर्याय नाही.

मोजणी पायथनमध्ये काही ओळींत होते. शब्दातील प्रत्येक अक्षर किती वेळा आले आणि दिलेल्या अक्षरांत ते किती वेळा आहे, याची तुलना करायची. शब्दाची प्रत्येक संख्या दिलेल्या संख्येइतकी किंवा कमी असेल तर शब्द त्या अक्षरांतून बनतो. प्रत्येक संख्या मागणीइतकी किंवा जास्त असेल तर ती अक्षरे त्या शब्दात आहेत. सर्व संख्या तंतोतंत समान असतील तर तो ॲनाग्राम आहे. आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग, आणि आपण न विचारलेला तिसरा, असे एकाच तुलनेच्या चिन्हाने वेगळे होतात. स्क्रॅबलमधील कोऱ्या, म्हणजे कोणतेही अक्षर म्हणून चालणाऱ्या सोंगटीसारखी मुभा द्यायची असेल तर शब्दाला कमी पडणाऱ्या अक्षरांची बेरीज करावी. ती कोऱ्या सोंगट्यांच्या संख्येपेक्षा जास्त नसली की शब्द चालतो. कोऱ्या सोंगटीच्या जागी एकेक अक्षर घालून पाहण्याची गरज नाही.

हे संकेतस्थळावर अनेक मुलांसाठी एकाच वेळी चालवायचे असेल तर मोजणीआधी बिटमास्कची चाळणी लावावी. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत आणि साध्या पूर्णांकात ३२ बिट असतात; शब्दात ए असेल तर पहिला बिट १, बी असेल तर दुसरा बिट १, असा प्रत्येक शब्दाचा एक पूर्णांक आधीच काढून ठेवता येतो. १,७२,००० शब्दांसाठी हे सगळे ७ लाख बाइटांच्या आत बसते. मग शब्दाचा अंक आणि अक्षरांचा अंक यांची ‘अँड’ क्रिया करावी, म्हणजे दोन्हींत १ असलेले बिटच १ राहतात. उत्तर अक्षरांच्या अंकाइतके आले तर ती सर्व अक्षरे शब्दात आहेत. शब्दाच्या अंकाइतके आले तर शब्द त्या अक्षरांपलीकडे जात नाही. क्रिया तीच, फक्त उत्तराची तुलना कोणाशी केली त्यावर प्रश्न बदलतो. बिटला ‘आहे की नाही’ एवढेच कळते, किती वेळा आहे हे कळत नाही. म्हणून ट्रीसारखे शब्द चाळणीतून पार होतात आणि त्यांना पुढे मोजणीने अडवावे लागते. स्पेलिंग बीच्या नियमांत पुन्हा वापराची मुभा असल्याने तिथे मोजणीचीही गरज नाही, दोन ‘अँड’ क्रिया आणि लांबीची तपासणी पुरते. आजच्या साध्या यंत्रावरही एवढी संपूर्ण यादी काही मिलिसेकंदांत तपासून होते, त्यामुळे आणखी गुंतागुंतीची रचना करण्यापूर्वी आपला कार्यक्रम खरोखर मंद आहे का, ते पाहावे.

हीच पद्धत मराठी शब्दांना लावण्याचा विचार पुढे मनात आला तर एक सावधगिरी घ्यावी. युनिकोडमध्ये पुणे हा शब्द प, उकार, ण आणि एकार असा चार चिन्हांचा असतो, आणि आपल्याला त्यात दोनच अक्षरे दिसतात. मुलांना द्यायचे ‘अक्षर’ म्हणजे नेमके काय, हे तिथे आधी ठरवावे लागते आणि २६ बिटांचा हिशेब उपयोगी पडत नाही.

ॲनाग्रामसाठी मात्र जुनी युक्ती अजूनही सर्वोत्तम आहे: प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावून ती त्याची किल्ली करावी आणि एका किल्लीखाली येणारे सर्व शब्द हॅश कोष्टकात, म्हणजे किल्ली दिली की नोंद लगेच काढून देणाऱ्या रचनेत, एकत्र ठेवावेत. लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सल आणि इन्लेट्स हे पाचही शब्द ई, आय, एल, एन, एस, टी या एकाच किल्लीखाली सापडतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी या किल्लीखाली रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर, स्टेनर असे बरेच शब्द जमतात. स्क्रॅबलचे जाणकार ही सात अक्षरे हातात येण्याची वाट पाहतात, कारण सातही सोंगट्या एका डावात लावल्या की ५० गुण अधिक मिळतात. सात अक्षरांतून बनणारे लहान शब्दही याच कोष्टकातून निघतात: सात अक्षरांचे उपसंच केवळ १२७ असतात, प्रत्येकाची किल्ली करून कोष्टकात पाहिले की काम झाले.

नवशिके बहुधा उपसंचांऐवजी अक्षरांच्या सर्व मांडण्या तयार करून त्या यादीत शोधतात. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या एक ते सात लांबीच्या मांडण्या १३,६९९ होतात आणि तेवढे संगणकाला जड नाही, म्हणून पद्धत चालते असे वाटते. दहा अक्षरे घेतली की तीच संख्या ९८,६४,१०० वर जाते, तर उपसंच केवळ १,०२३ राहतात. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या देऊन शब्दाचा गुणाकार किल्ली म्हणून वापरण्याची कल्पनाही आपल्या वाचनात येईल. गणिताच्या दृष्टीने ती सुंदर आहे, भागाकाराने ‘सामावणे’ही तपासता येते, परंतु २६ वी मूळ संख्या १०१ आहे आणि लांब शब्दांचे गुणाकार ६४ बिटांत मावत नाहीत. ती मी वर्गात दाखवतो, कामात वापरत नाही.

सोंगट्या पटावर आधी असलेल्या शब्दांना जोडून मांडायच्या असतील, तर ट्राय (शब्दांची अक्षरागणिक फांद्या फुटणारी झाडासारखी रचना) किंवा तिचे आटोपशीर रूप असलेल्या डॉग या रचनेकडे जावे. ॲन्ड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये ती स्क्रॅबलसाठी वापरून दाखवली आणि स्टीव्हन गॉर्डन यांनी १९९४ मध्ये तिचा गॅडॅग हा वेगवान पण जास्त मेमरी घेणारा प्रकार मांडला. आपल्या खेळाला पट नाही, म्हणून आपल्याला यांतले काही लागणार नाही.

वर्डलचा, म्हणजे अंदाज केलेल्या शब्दातील अक्षरांना रंग देऊन पाच अक्षरी शब्द ओळखायला लावणाऱ्या खेळाचा, उल्लेख मात्र करतो, कारण मुले ते विचारतीलच आणि त्यात मोजणीचा एक सूक्ष्म धडा आहे. राखाडी रंगाचा अर्थ ‘हे अक्षर शब्दात नाही’ असा सरसकट घेतला तर चूक होते. उत्तर अबाइड असताना स्पीड हा शब्द टाकला, तर पहिली ई पिवळी होते (अक्षर आहे, पण जागा वेगळी) आणि दुसरी राखाडी. म्हणजे ई आहे, परंतु एकच आहे. राखाडी रंगाने इथे अक्षर नाकारलेले नाही, त्याच्या संख्येची वरची मर्यादा सांगितली आहे. राखाडी अक्षरे सरसकट वगळणारी गाळणी लिहिली तर खरे उत्तरच यादीतून निघून जाते.

आता संगणकाचे काम संपून संपादकाचे सुरू होते, आणि खेळ चांगला होतो की रटाळ, हे इथे ठरते. सात अक्षरे यादृच्छिक निवडू नयेत. ज्यात नेमकी सात वेगवेगळी अक्षरे आहेत असा एक ओळखीचा शब्द आधी निवडावा, म्हणजे सर्व अक्षरे वापरणारे किमान एक उत्तर हमखास असते. मग प्रत्येक अक्षर मधले धरून उत्तरे मोजावीत आणि ज्याची सूची मुलांना झेपेल त्याला मधली जागा द्यावी. एस शक्यतो टाळावे: ते असले की प्रत्येक नामाचे अनेकवचन हे फुकटचे उत्तर होते. स्पेलिंग बी एस देत नाही. १९३० च्या दशकात स्क्रॅबलची जुळवाजुळव करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून १०० सोंगट्यांची वाटणी ठरवली, ई ला १२ सोंगट्या दिल्या, परंतु एस मुद्दाम चारच ठेवले, तेही याच कारणाने. आय, एन, जी ही त्रयी आणि ई, डी ही जोडी एकत्र आली तरी सूची अशीच फुगते. ती पूर्ण वर्ज्य नाही, पण लहान वर्गासाठी टाळलेली बरी.

उत्तरसूचीचेही दोन भाग करावेत. पहिल्या भागात मुलांनी शोधावेत अशी अपेक्षा असलेले परिचित शब्द; दुसऱ्यात कोणी लिहिले तर मान्य, परंतु गुणांच्या कमाल बेरजेत न धरलेले शब्द. हा भेद करण्यासाठी शब्द किती वेळा वापरला जातो याचे आकडे लागतात. गूगल बुक्सचा एनग्रॅम संग्रह खुला आहे आणि तेवढ्या कामाला पुरेसा आहे. आकड्यांनंतरही सूचीवरून शिक्षकाची नजर फिरलीच पाहिजे, कारण ज्या यादीत सर्व शब्द असतात तिच्यात शिव्याही असतात, आणि वंश, धर्म वा अपंगत्व यांवरून हिणवणारे शब्दही असतात. उत्तर अमेरिकेतील स्क्रॅबलपटूंच्या नास्पा या संघटनेने २०२० मध्ये असे २०० हून अधिक शब्द आपल्या यादीतून काढले, त्यावरून स्पर्धेच्या पातळीवरही हा प्रश्न सुटलेला नव्हता, हे कळते. वगळायच्या शब्दांची एक स्वतंत्र फाईल ठेवावी आणि मूळ यादीला हात लावू नये, म्हणजे यादी बदलली तरी ती मेहनत वाया जात नाही.

शेवटी तपासणीसाठी मोजक्या शब्दांचा एक कायमचा संच करून ठेवावा. पाच स्वरांच्या अटीत एज्युकेशन आलाच पाहिजे आणि बनाना येता कामा नये. क्रमाच्या काटेकोर अटीत फसीशस यावा आणि सॅक्रिलिजस गळावा. फेव्हरिट आला तर ब्रिटिश यादी लागू आहे, न आल्यास नाही. लेटर्सच्या अक्षरांतून सेटल निघावा. एस, टी, ए, आर, ई या पाच अक्षरांतून, पुन्हा वापराची मुभा नसताना, ट्री निघू नये. यादी, लोकेल किंवा नियम यांपैकी काहीही बदलले की हा संच पुन्हा चालवावा, आणि यातला एकही शब्द चुकीच्या बाजूला गेला तर मुलांसमोर नवे कोडे ठेवू नये.